रिटर्नखालची सही

माझं लग्न झालं त्याला तेव्हा वीस-बावीस वर्षं होऊन गेली होती, पण नवरा-बायको म्हणून आम्ही एका घरात राहायला लागलो ते अठ्ठ्याण्णव सालापासून. त्याआधी हे मुंबईला आणि मी इथे, रत्नागिरीपासून एसटीने तासाभरावर असलेल्या आमच्या वाडीत. गणपतीला आठवडा, शिमग्याला चार दिवस आणि मे महिन्यात भावकीत कुणाचं लग्न असलं तर थोडे जास्त, एवढाच आमचा संसार. सासू-सासऱ्यांचं दुखणं-खुपणं, भात, कलमं, गुरं, मुलीची शाळा आणि सकाळची माझी बालवाडी हे सगळं मी एकटीने ओढलं. मुलगी लग्न होऊन गुहागरला गेली आणि त्याच साली यांची कंपनी बंद पडली.

कोकण रेल्वे तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. हे एक पत्र्याची ट्रंक घेऊन रत्नागिरी स्टेशनवर उतरले, ते कायमचे. मी न्यायला गेले होते. आनंद झाला होता का? झाला होता, खोटं कशाला बोलू. पण धास्तीही वाटत होती. पाहुण्याला गोडधोड करून घालणं वेगळं आणि रोज उठून त्याच माणसाबरोबर चहा पिणं वेगळं.

कंपनीत हे स्टोअरमध्ये होते. उभी हयात त्यांनी माल घेण्यात, देण्यात आणि लिहिण्यात घालवली. त्यामुळे घरात ट्रंकेबरोबर आणखी एक गोष्ट आली ती म्हणजे त्यांचे शब्द. आयटम. स्टॉक. एंट्री. इश्यू. टॅली. बॅलन्स. आणि सगळ्यात माझ्या डोक्यात जाणारा, निल. साखर संपली की हे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून सांगायचे, साखर निल. अहो, संपली म्हणा ना! पण नाही. खोबरेल शॉर्ट, चहापावडर बॅलन्स दोन दिवस. पहिल्या महिन्यातच त्यांनी माझ्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या डकवल्या. मी इतकी वर्षं डोळे मिटून हात घालायचे तिथे आता वाचून डबा काढायचा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. मी एकदा तुळशीपुढे दिवा लावत होते, तर हे मागून विचारतात, वातींचा स्टॉक कुठे ठेवतेस? मी म्हटलं, तुमच्या डोक्यात. त्या संध्याकाळी आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

वाडीतल्या बायका नळावर मला चिडवायच्या. आज तुमच्याकडे काय इश्यू झालं, वहिनी? सुक्या बोंबलांची एंट्री झाली का? मी पण हसायचे. काय करणार? नवऱ्याला हसलेलं बायकोने ऐकून घ्यायचं असतं, तेही माझ्या सवयीचं नव्हतं. माझ्या नवऱ्याला हसायला याआधी तो इथे होता कधी?

मग हळूहळू माझ्या लक्षात आलं. या माणसाला घरातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. विहिरीचा कुठला दगड सैल आहे, कुठल्या खोलीत पाणी गळतं, त्यांच्या आईची खाट शेवटी कुठल्या खिडकीशी होती, काही नाही. आई गेली तेव्हा तार मिळून हे पोचले तोवर तिसरा दिवस उजाडला होता. वडिलांच्या वेळीही तेच. विचारायची त्यांना लाज वाटायची. स्वतःच्या घरात, हे काय गो, ते काय गो, किती विचारणार? पण वही-पेन्सिल हातात असली की विचारता यायचं. स्टोअरकीपर विचारतोच. म्हणून डब्यांवरच्या त्या चिठ्ठ्या, म्हणून ते सगळं लिहिणं.

हे कळलं तेव्हा मी चिडायची थांबले. थांबले म्हणजे कमी केलं.

त्या मे महिन्यात आम्ही बागेची लिस्ट केली. रोज संध्याकाळी ऊन उतरलं की हे वही घ्यायचे आणि मी पुढे चालायचे. कलम दाखवायचं, त्याची कथा सांगायची. हे मामंजींनी लावलं. याला एक वर्षाआड धरतं. हे वादळात आडवं झालं होतं, मी आणि गडीमाणसांनी दोर बांधून उभं केलं. हे वहीत रकाने आखून लिहायचे. आयटम, क्वांटिटी, कंडिशन आणि शेवटचा रकाना रिमार्क. एका कलमापाशी त्यांनी विचारलं, हे कुणी लावलं? मी म्हटलं, मी. मुलगी पोटात होती तेव्हा. यांनी खोडावरून हात फिरवला. मग रिमार्कमध्ये काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. मी विचारलं नाही काय लिहिलं ते. आम्हां दोघांचं तरुणपण त्या एका मे महिन्यात झालं असं मला आजही वाटतं, पन्नाशीच्या तोंडावर.

वाडीची म्हणून भांडी असतात. मोठे टोप, कायली, पराती, डाव, पाण्याची पिंपं, सतरंज्या. लग्नकार्य, सत्यनारायण, बारावं-तेरावं, ज्याच्या घरी गरज पडेल त्याने न्यायची आणि आणून द्यायची. ती कुणाच्या तरी पडवीत ठेवतात आणि किल्ली त्या घराकडे. आमच्या वाडीत ज्यांच्याकडे किल्ली होती त्यांना म्हातारपणी झेपेना, तेव्हा गावकीत कुणीतरी यांचं नाव काढलं. मुंबईला स्टोअर सांभाळलंय, इथलं सांभाळतील. भांडी आमच्या पडवीत आली.

यांचा चेहरा त्या दिवशी बघायला हवा होता. इस्त्रीचा शर्ट घालून गेले होते देवळात किल्ली घ्यायला. आल्यावर दोन दिवस पडवी झाडली, फळ्या ठोकल्या, प्रत्येक भांड्यावर रंगाने खूण केली. नवी वही घातली. आत इश्यू, रिटर्न, रिमार्क. घेणाऱ्याची सही इथे, देणाऱ्याची तिथे. लग्नसराईत लोक यायचे, हे चष्मा लावून एकेक भांडं मोजून द्यायचे, सही घ्यायचे आणि परत येताना टॅली करायचे. डाव शॉर्ट आला की शोधायला लावायचे आणि सापडायचाही तो, कुणाच्या तरी मागीलदारी. लोक आधी कुरकुरले, मग त्यांनाच बरं वाटायला लागलं. पोरं यांना स्टोअरकाका म्हणू लागली. वाटेने जाताना माणसं थांबून बोलायची, सल्ला विचारायची. हे रात्री जेवताना मला सांगायचे, आज तिघांनी हाक मारली. हाक मारली, एवढंच. या माणसाला आपल्याच वाडीत कुणी हाक मारावी एवढंच हवं होतं आणि ते त्याला मिळालं होतं.

पुढल्या आषाढात वरच्या घरातला मुलगा गेला. ते घर माझ्या चुलत दिरांचं. भाऊजी यांच्याहून लहान, लहानपणी दोघे एकच दप्तर घेऊन शाळेत गेलेले. त्यांचा कॉलेजला जाणारा मुलगा, एकुलता एक, पावसात हायवेवर मोटरसायकल घसरली आणि जागच्या जागी संपला. वाडीवर अवकळा आली. भाऊजींकडे बघवत नव्हतं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. लग्नाला भांडी न्यायची एक रीत आहे आणि मयताला न्यायची दुसरी. मयताच्या घरासाठी कुणी भांडी मागत नाही. भावकीतले दोघे-तिघे येतात, न बोलता उचलून नेतात. तेरावं झालं की घासून-पुसून आणतात, किल्लीवाल्याच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, पालथी घालून ठेवतात आणि मागे न बघता जातात. ते दिसेनासे झाले की मग किल्लीवाल्याने ती आत घ्यायची. मोजायची नाहीत. कमी असलं तर असू द्यायचं. लिहायचं तर मुळीच नाही, कारण लिहिलं की पुढच्या ओळीवर कुणाचं नाव येईल, अशी भीती. हे कुणी शिकवत नाही. इथे राहणाऱ्याला ते कळतंच, जसं त्या घरातून निघताना येतो म्हणायचं नसतं हे कळतं.

यांनी आयुष्यात कितीतरी लग्नं पाहिली होती. रजा टाकून यायचे ना. पण मयताला रजा मिळायची ती सगळं उरकल्यावर; आई-वडिलांच्या वेळीही तेराव्याचं जेवण झालं की त्याच रात्री यांना मुंबईची गाडी धरावी लागली होती. वाडीतलं तेरावं कसं सरतं हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. आणि हे त्यांना ठाऊक नसेल असं माझ्या स्वप्नातही आलं नाही. आपण श्वास घेतो ते कुणाला सांगतो का?

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मला बालवाडीच्या मीटिंगला रत्नागिरीला जावं लागलं. दुपारी परतीच्या गाडीतून उतरले तर फाट्यावरच वाडीतली एक बाई भेटली. माझ्याकडे बघून तिने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, भाऊजींनी जिवाचं काही बरंवाईट केलं. मग तिने जे झालं होतं ते सांगितलं.

नेलेली भांडी यांनी माझ्या नकळत वहीत उतरवली होती आणि सकाळी ती वही घेऊन हे वरच्या घरी गेले होते. त्यांचा विचार साधा होता. दुःखातल्या माणसांना ओझं वाहायला कशाला लावायचं, आपणच जाऊन ताब्यात घ्यावं. भांडी घासून त्यांच्या खळ्यात ठेवलेलीच होती. हे तिथे उभे राहिले आणि मोठ्याने मोजायला लागले. मोठे टोप, इश्यू इतके, रिटर्न इतके, टॅली. डाव, टॅली. माझी जाऊ, त्या मुलाची आई, ओटीवर भिंतीला टेकून बसलेली. आजूबाजूच्या बायका थिजल्या. हे आपले पेन्सिलीने टिक करत पुढे जात होते. शेवटी म्हणाले, एक परात शॉर्ट आहे. तशी माझ्या जावेने जो हंबरडा फोडला तो म्हणे खालच्या ओढ्यापर्यंत ऐकू आला. भाऊजी उठले, आत गेले, परात घेऊन आले आणि भांड्यांत ठेवली. यांनी वही पुढे केली आणि रिटर्नखाली बोट ठेवलं. भाऊजींनी सही केली.

मी घरी आले तर हे पडवीत भांडी लावत होते. सगळं टॅली आहे, म्हणाले. त्यांना सांगताना माझीच जीभ रेटेना. मी जसजशी सांगत गेले तसतसा त्यांचा चेहरा उतरत गेला आणि शेवटी त्यांनी हातातला डाव असा हळू खाली ठेवला की आवाजसुद्धा झाला नाही. मग त्यांनी विचारलं, आईच्या वेळी पण असंच केलं होतं का? मी हो म्हटलं.

दोन दिवसांनी देवळात बैठक बसली. मी पण गेले. बायका सहसा जात नाहीत, पण मला घरात बसवेना. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. तसं काही झालं नाही, आणि तेच वाईट झालं. कुणी आवाज चढवला नाही. वाडीतले सगळ्यांत वयस्कर गृहस्थ, ज्यांचा शब्द सगळे मानतात, त्यांनी यांना शेजारी बसवून घेतलं आणि पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुमचा काय दोष? तुम्हाला कसं ठाऊक असणार? तुम्ही इथे होतात कुठे?"

मायेने म्हणाले. पण मी यांच्याकडे बघत होते. कुणी थोबाडीत मारली असती तरी माणसाचं तोंड असं झालं नसतं.

माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले आणि म्हटलं, देवळाची ही घंटा मुंबईच्यांनी दिली, वरचे पत्रे मुंबईच्यांनी दिले, तेव्हा कुणी विचारलं नाही तुम्ही कुठे होतात म्हणून. हा माणूस तिकडे स्टोअरमध्ये उभा होता म्हणून इथे चूल पेटत होती. एकट्या माझ्या घरातली नाही, तुमच्या निम्म्या घरांतली अशीच पेटते. आणखीही बरंच बोलले. सगळे खाली बघत ऐकत राहिले. यांनीच मला थांबवलं. चल घरी, म्हणाले, आणि खिशातून किल्ली काढून त्या म्हाताऱ्या गृहस्थांसमोर ठेवली. कुणी मागितली नव्हती. कुणी परत घ्या असंही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी माणसं आली आणि भांडी दुसऱ्या घरी नेली. पडवी मोकळी झाली. हे त्या मोकळ्या पडवीत जाऊन बसायचे. वरच्या घराकडची वाट त्यांनी सोडली, बाजारला जायचं तरी शेतातून वळसा घालून जायचे. पोरांनी हाक मारली तर मान हलवायचे नुसती.

आणि एका सकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन त्यांनी मला सांगितलं, साखर संपली आहे.

मी चुलीपाशी होते. इतके दिवस ज्या शब्दांवरून मी भांड भांड भांडले ते सगळे त्यांनी टाकून दिले होते. धड मराठी बोला म्हणून सांगून मीच त्यांना दमवलं होतं ना? आता ते धड मराठी बोलत होते, पाहुणा बोलतो तसं, जपून. मी मुद्दाम म्हटलं, निल झाली का? तर हसलेसुद्धा नाहीत. आणतो, म्हणाले. मी मागीलदारी जाऊन रडले. नवरा मुंबईला जायचा तेव्हा मी कधी रडले नव्हते.

दसऱ्यानंतर त्यांच्या जुन्या कंपनीतल्या कुणाचा निरोप आला. एका सोसायटीत वॉचमनची जागा आहे, राहायला खोली आहे. मी आकाशपाताळ एक केलं. या वयात फाटकाशी बसायला जाणार? आपल्याला काय कमी आहे? घर आहे, बाग आहे, मी आहे. हे ट्रंक भरत होते. मी विचारलं, तिथे तरी कोण आहे तुमचं? ते म्हणाले, तिथे कुणाचंच कुणी नसतं, म्हणून बरं. रत्नागिरी स्टेशनवर गाडी सुटेपर्यंत आम्ही दोघं बाकावर शेजारी बसलो होतो.

वर्ष गेलं. पुन्हा आषाढ आला. वरच्या घरी मुलाचं वर्षश्राद्ध झालं आणि त्यानंतर आठवड्याभरात भाऊजी आमच्या ओटीवर आले. आमच्याकडे असं आहे की ज्याच्या घरात असं माणूस जातं तो घरधनी वर्ष सरेपर्यंत देवळाची पायरी चढत नाही आणि दुसऱ्याच्या उंबऱ्यात येत नाही. वर्षभरात भाऊजी फार म्हातारे झाले होते. मी पाणी दिलं. त्यांनी विचारलं, दादा कधी येतोय? मी म्हटलं, गणपतीला. मग ते खळ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, आता त्या सहीचं काढतात की काय. आणि त्यांनी तेच काढलं.

ते म्हणाले, "वहिनी, तेरा दिवस माझ्या तोंडाकडे बघून कुणी बोललं नाही. सगळे खाली बघायचे. दादाने वही पुढे केली आणि म्हणाला, इथे सही कर. तेव्हा मला वाटलं, मी अजून आहे."

परात आणायला उठलो ना, म्हणाले, ते माझं त्या दिवसांतलं पहिलं काम. ती रडली तेही बरं झालं, तोवर ती रडलीच नव्हती. देवळातल्या बैठकीचं त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं होतं. पण देवळात पाय ठेवायची सोय नव्हती, आमच्याकडे यायची नव्हती. वाटेत दादा भेटेल म्हणून ते रोज संध्याकाळी बांधावर बसायचे. दादा त्या वाटेने कधी आलाच नाही. वर्ष सरलं की पहिलं दादाकडे जायचं असं ठरवलं होतं, म्हणाले, पण त्याआधीच तो गेला.

मला तेव्हाच्या तेव्हा बाजारात धावत जाऊन एसटीडीवरून फोन करावा असं वाटलं. पण असलं बोलणं फोनवर करायचं नाही असं मी ठरवलं. समोर बसवून सांगायचं. गणपतीपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. मी घर सारवलं, पडवी झाडून ठेवली. मनात म्हणत होते, आता हे ऐकलं की ट्रंक परत आणतील. आणायलाच हवी. सगळ्या वाडीत ज्याला बोलायचा हक्क होता त्यानेच सांगितलंय, आता आणखी काय पाहिजे?

हे गणपतीच्या आदल्या दिवशी आले, खांद्याला एक छोटी बॅग. दुसऱ्या दिवशी गणपती बसले, संध्याकाळी आरती झाली, माणसं गेली. हे ओटीवर बसले होते. मी शेजारी बसले आणि भाऊजी जे बोलले ते शब्द न् शब्द सांगितलं. हे समोर बघत ऐकत होते. माझं सांगून झालं. मग म्हणाले, "मग त्याने तेव्हाच का नाही सांगितलं? तेव्हा सांगितलं असतं तर मी राहिलो असतो गो."

मी त्यांना वर्षाची रीत सांगितली. देवळाची पायरी, दुसऱ्याचा उंबरा, रोज बांधावर बसणं, सगळं.

"हेही मला ठाऊक नव्हतं," ते म्हणाले.

त्यांचा हात माझ्या हाताजवळ होता. मी तो धरला. आमच्या वयाची माणसं ओटीवर बसून असं करत नाहीत, पण मी धरला. म्हटलं, आता ठाऊक झालं ना? मग राहा. मी कधी तुमच्याकडे काही मागितलं नाही. आता मागते, राहा.

त्यांनी हात सोडवून घेतला नाही. अगदी समजुतीने, घरी आलेला पाहुणा जसा सांगतो तसं ते मला म्हणाले, "रजा पाचच दिवसांची आहे."